बिनआवाजाचं मशीन

गोदामात माल पडून राहिला की गंजतो, किस्से पडून राहिले की फुगतात. आमच्या महाप्याच्या कंपनीतले किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे ते साठत गेले. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं ते आता छातीठोक सांगता येत नाही, पण टाकवतही नाही. मैत्रिणी विचारतात, तुमच्या त्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सांगण्यासारखं असतं तरी काय? मी म्हणते, अगं, तिथे रोज भांडणं व्हायची, आणि तीसुद्धा माणसांवरून नाही, साबणाच्या वडीएवढ्या एका वस्तूवरून!

नव्वदीची पहिली वर्षं होती. बोर्डाची वीज गेली की वीज देणारी मशिनं आम्ही बनवायचो. कॉम्प्युटरवाल्या ऑफिसांसाठी, कारखान्यांसाठी, थंड गोदामांसाठी. बॅटरीतली वीज घ्यायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते असे जोडायचे की पलीकडच्या पंख्याला वाटावं, बोर्डाचीच वीज आली. हे तुकडे करणारी सुरी कुठली वापरावी यावरून तेव्हा सगळ्या धंद्यात दोन तट पडले होते. जुनी सुरी म्हणजे थायरिस्टर. नवी, नुकतीच बाहेरून यायला लागलेली, तिचं नाव आयजीबीटी.

आमच्याकडे नव्या सुरीच्या बाजूने मालक स्वतः, नाडकर्णी सर. जुन्या सुरीच्या बाजूने खोत साहेब, ज्यांनी कंपनीतलं पहिलं मशीन स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. आणि मध्ये मी. मी इंजिनिअर आहे. हे वाक्य मी अजूनही, समोरचा 'नक्की?' असं विचारेल या तयारीनेच म्हणते.

त्यात मी नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परत आले होते. सई सातव्या महिन्यातच झाली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, कावीळ झाली, इंजेक्शनं झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे. फक्त कानांकडे लक्ष ठेवा." डॉक्टरांनी 'फक्त' हा शब्द वापरू नये असा कायदा हवा. तेव्हापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. हिला ऐकू येतं की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन मी जुईनगरच्या घरून कंपनीच्या मिनीबसमध्ये बसायची आणि तोच घेऊन संध्याकाळी उतरायची. तेव्हा हे किस्से सांगणारी बाई तिथे निम्मीच हजर होती, हे धरून चला.

*

एकदा कॉलेजची मुलं फॅक्टरी बघायला आली होती. त्यातल्या एकाने खोत साहेबांना विचारलं, थायरिस्टर म्हणजे नक्की काय?

खोत साहेब मूळचे राजापूरकडचे. शब्द मोजून वापरायचे. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "थायरिस्टर म्हणजे जावई. घरात घेणं आपल्या हातात. बाहेर काढणं नाही. पंगत संपली की आपला आपण उठतो."

मी तोंडात रुमाल घातला. पण तुम्हाला सांगते, चार वर्षं पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या क्षणी कळलं. थायरिस्टरला चालू करता येतं. बंद करायचं तर त्याच्यातून वाहणारा करंटच संपावा लागतो. त्याला उठवायला म्हणून केवढा तरी वेगळा सरंजाम लावावा लागतो. खोत साहेबांची उभी हयात जावयाला मान राखून उठवण्यात गेली होती, आणि त्यात त्यांचा हात धरणारा मी अजून बघितलेला नाही.

पोराने पुढे विचारलं, आणि आयजीबीटी?

"तो पेइंग गेस्ट. ऊठ म्हटलं की उठतो."

"मग चांगलंच की, सर."

"चांगलंच. फक्त बिनसलं तर घर जाळून जातो."

नाडकर्णी सर दारातच उभे होते. म्हणाले, "खोत, मुलांना धंद्याला लावायला आणलंय, पळवायला नाही."

*

आयजीबीटीचा पहिला लॉट आला तो दिवस सणासारखा होता. सर स्वतः विमानतळावरून खोकं घेऊन आले. आधी पूजा, मग जोडणी, असं ठरलं. पूजेची तयारी गिरीशकडे दिली. गिरीश मार्केटिंगचा. गोड मुलगा, फक्त 'नाही' हा शब्द त्याला आईवडिलांनी शिकवलाच नव्हता. कोणी काही म्हणालं की हो.

आता ही वस्तू दिसते दणकट, शेकडो अँपिअर पेलते. पण तिच्या वरच्या दोन बारीक पिनांचा जीव अगदी एवढासा. लोकरीचा स्वेटर काढताना अंगाला चटचट होतं ना, तेवढ्या विजेने ती मरते. म्हणून त्या पिनांना काळा स्पंज लावून पाठवतात. तो आयत्या वेळेपर्यंत काढायचा नसतो.

गिरीशने तबक सजवलं. खाली रेशमी खण अंथरला. एकेक वडी हातात घेतली आणि बघतो तर काय, वर काहीतरी काळं चिकटलेलं. देवापुढे काळं कशाला, म्हणून त्याने सगळे स्पंज उपटून काढले. एवढ्यावर थांबला नाही. चमक यावी म्हणून प्रत्येक वडी त्या रेशमी खणाने घासूनपुसून लख्ख केली. तेही आमच्या एसी रूममध्ये, जिथली हवा पापडासारखी कोरडी!

गुरुजींनी अक्षता टाकल्या तेव्हा तबकात सगळी प्रेतं होती. कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी टेस्टिंगला घेतल्यावर एकेक करून कळलं.

सर डोकं धरून बसले. गिरीश कोपऱ्यात रडवेला. खोत साहेब आले, तबकाकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "माझा थायरिस्टर देवाच्या पाया पडून कामाला लागतो. तुमचे देवाकडेच राहिले."

त्या रात्री सईचं झबलं बदलताना माझ्या कृत्रिम धाग्याच्या साडीची चटचट झाली आणि मी दचकून हात मागे घेतला. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, अगं ती मुलगी आहे. मी म्हटलं, माहीत आहे. पण मी सुती साडी नेसून आले.

*

दुसरा लॉट आला तेव्हा गिरीशला दौऱ्यावर पाठवलं होतं.

पहिलं मशीन चालू झालं ती दुपार मला आजही तशीच्या तशी दिसते. स्कोपच्या हिरव्या पडद्यावर वीज दिसते. आधी नुसता गवताचा दाट पट्टा दिसला, म्हणजे विजेचे तुकडे, सेकंदाला हजारोंनी. मग सरांनी फिल्टर जोडला आणि ते सगळे तुकडे एकमेकांत विरघळले. पडद्यावर एकच लाट उरली. गुळगुळीत, डौलदार, शांत. इतकी कापाकापी करून इतकं अखंड काही तयार होतं, यावर माझा विश्वासच बसेना. डिझाइनमधला बराच भाग माझा होता, तरीही. किंवा म्हणूनच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे बघत राहिले. खोत साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, पडद्याच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लबाड आहे."

त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

*

वाद नुसता सुरीवरून नव्हता. बॅटरीवरूनही होता. जुन्या बॅटरीत दर आठवड्याला पाणी घालावं लागायचं. नवी बॅटरी सीलबंद. पाणी नको, देखभाल नको. सरांच्या मते भविष्य हेच. खोत साहेबांच्या मते, जिच्याकडे बघावं लागत नाही ती वस्तू एक दिवस बघून घेते.

वाशीच्या एका ऑफिसात आम्ही जुन्या बॅटऱ्या काढून नव्या बसवल्या. तिथे मोकल नावाचे शिपाई होते, खाडीकाठच्या गावचे. जुन्या बॅटऱ्यांना पाणी घालायचं काम त्यांचं. शनिवारी येऊन नळी-नरसाळं घेऊन ते एकेका बॅटरीला पाणी पाजायचे आणि फडक्याने तिचं तोंड पुसायचे. मी एकदा बघितलं होतं. माझी सासूसुद्धा सईचं तोंड इतक्या हळुवार पुसत नाही.

काही महिन्यांनी तक्रार आली, नव्या बॅटऱ्या गळतात. मी आणि गिरीश गेलो. बघते तर प्रत्येक बॅटरीच्या डोक्यावर नीट एका रांगेत, ड्रिलने पाडलेली भोकं. मी मोकलांना विचारलं, ही भोकं कोणी पाडली?

"मी पारली," ते म्हणाले. "झाकनच नाय ठेवलेलं तुमी. कंपनीची चूक हाय, मी कोनाला बोललो नाय."

मी सांगितलं, काका, यांना पाणी लागत नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोर टाकून आलेली बाई आहे. "येवरं काम करतंय ते दिवसभर. तहानलेलं ठेवाचं काय, बाय?"

गिरीश मिनीबसमध्ये पोट धरून हसला. मला हसू येईना. अंगावर 'देखभालीची गरज नाही' असं छापलेलं बाळ मिळालं असतं, तर मीही ड्रिल शोधलं असतं.

*

घरी माझी वेगळी लॅब होती.

सईच्या मागे उभं राहून चमचा पाडायचा. किल्ल्या वाजवायच्या. डाव आपटायचा. पण आपटलं की जमीन हादरते, म्हणजे ते ऐकणं नव्हे. टाळी वाजवली की वारा लागतो, तेही नव्हे. उजेडाकडे पाठ करून उभं राहिलं की सावली हलते, तेही बाद. मी प्रत्येक प्रयोगातली चूक शोधून काढायची, आणि चुका काढून झाल्या की प्रयोगात काही उरायचंच नाही. सई आपली माझ्या तोंडाकडे बघत बसायची. माझा चेहराच एवढा मोठ्याने बोलत असावा की बाकी काही ऐकायची तिला गरज पडत नसेल.

कुकरची शिट्टी झाली तरी तिची पापणी हलायची नाही. गणपतीत सोसायटीच्या गेटशी ढोल-ताशे आले, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि ही बाई पाळण्यात गाढ झोपलेली. आजूबाजूच्या सगळ्या बाळांनी गळा काढला होता. शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी पाळण्याची दोरी धरून बसून राहिले. त्या दिवशी मी आरतीला खाली गेले नाही.

सासूबाई स्वभावाने कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला उठवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "काही मुलं ऐकून घेणारी असतात. ऐकलं म्हणून दाखवणारी नसतात."

मिलिंदने शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तारीख घेतली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. तिथे बाळाला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पडद्यावर बघतात. तारा, पडदा, लाट. सगळं माझ्याच धंद्यातलं. म्हणूनच मला धीर येईना. आमच्या धंद्यात पडद्यावर सरळ रेघ आली की काय समजायचं, ते मला पक्कं माहीत होतं.

*

आता मुख्य वादाकडे येते, कारण तो मीच सुरू केला. म्हणजे माझ्यासारखीने.

थायरिस्टरची मशिनं गुणगुणतात. गुणगुणतात कसली, चक्क घोरतात. नव्या मशीनची मोठी शान ही की ते अजिबात आवाज करत नाही. सेकंदाला पंधरा हजार वेळा ते वीज कापतं, आणि सरांनी जाहिरातीच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं: संपूर्ण निःशब्द.

मला मात्र आवाज यायचा. सुईएवढा. मशीन चालू झालं की कानाच्या अगदी आत, वरच्या बाजूला कुणीतरी काचेवर केस ओढल्यासारखं. बंद झालं की थांबायचं.

मी दोन दिवस गप्प बसले. मला तेव्हा नळ सोडला तरी त्यात बाळ रडल्याचा आवाज यायचा, त्यामुळे स्वतःच्या कानांवर मी फारशी विसंबून नव्हते. शेवटी रिव्ह्यू मीटिंगमध्ये बोलले. सर, आवाज येतो.

सर आले, कान लावला. काही नाही. खोत साहेब आले. काही नाही. टेस्टिंगचे पेडणेकर आले, त्यांचंही वय पन्नासच्या आसपास. काही नाही. मी चाचरत म्हटलं, सर, पुस्तकात माणूस सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो असं दिलंय.

सर म्हणाले, "पुस्तकातला माणूस ऐकत असेल. मी इथे उभा आहे, मला येत नाही. पुस्तक खरं की मी?"

इतके बारीक आवाज तरुण कानांनाच लागतात, आणि त्या खोलीत तिशीच्या आतली मी एकटीच. दुसरा तरुण म्हणजे गिरीश. त्याला बोलावलं. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हो सर. येतोय. बारीक आहे, पण येतोय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात सर पॅनेलच्या मागून बाहेर आले. हातात मशीनची केबल. मशीन केव्हाच बंद होतं.

"मॅडम म्हणाल्या म्हणजे असेल, असं वाटलं," गिरीश म्हणाला.

मग मला पाठमोरी उभी केली. सर आलटूनपालटून मशीन चालू-बंद करणार, मी ओळखायचं. पहिल्यांदा बरोबर सांगितलं. दुसऱ्यांदाही बरोबर आलं. तेव्हा माझ्या मनात आलं, हे नशिबाने येत असेल. मग मी 'बहुतेक चालू' असं म्हणायला लागले. नंतर 'बहुतेक बंद'. आणि मग खरंच काही कळेनासं झालं. 'बहुतेक'ला डिझाइन रिव्ह्यूमध्ये मत नसतं.

मी सुचवलं होतं की वेग वीस हजारांच्या वर नेऊ, म्हणजे कुणालाच ऐकू यायला नको. त्यावर खोत साहेब पहिल्यांदाच सरांच्या बाजूने बोलले. वेग वाढवला की मशीन तापतं. एका माणसाला, तेही बहुतेक, ऐकू येणाऱ्या आवाजासाठी सगळ्यांची मशिनं तापवायची नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

मीटिंग संपल्यावर सरांनी मला थांबवलं. आवाज अगदी मऊ करून विचारलं, "घरी फार टेन्शन आहे का?" मी हो म्हटलं. मशीन निःशब्द म्हणून पास झालं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. दिवसभर ती सुई कानात घेऊन बसायचे आणि स्वतःला सांगायचे, बाई, जे नाही ते तुला ऐकू येतं, आणि तुझ्या लेकीला...

पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते.

*

तुर्भ्याला, बाजार समितीच्या अंगाला, एका शेठचं थंड गोदाम होतं. निःशब्द मशीनचा पहिला डेमो तिथे. आत बटाट्यांची थप्पी, बाहेर शेठ खुर्ची टाकून बसलेले. आम्ही मशीन चालू केलं. दिवा लागला.

शेठ वाट बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चालू करा ना."

गिरीश म्हणाला, शेठ, चालूच आहे.

"दिवा लागला ते बघितलं. मशीन कुठे चालू आहे?"

सरांनी समजावलं की आवाज न करणं हाच गुण. शेठ उठले, मशीनला हात लावला, कान लावला, मागे जाऊन बघितलं. मग जुन्या घोरणाऱ्या मशीनकडे बोट करून म्हणाले, "त्याचं मी घरून फोन करून विचारतो, चालू आहे का, तर वॉचमन रिसीव्हर तिकडे धरतो. मला ऐकू येतं. याच्यासमोर रिसीव्हर धरून काय ऐकू?"

मी तिथेच उभी होते, माझ्या कानात सुई वाजत होती, आणि मी एक अक्षर बोलले नाही.

डेमो फुकट जाणार असं दिसताच गिरीश बाजारात गेला आणि एक दांडगा पंखा घेऊन आला. मशीनच्या मागे बसवला. पंखा असा काही गरजायला लागला की बटाटे हलावेत. शेठचा चेहरा उजळला. "आता कसं, जीव आला त्याच्यात."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मग खोत साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, आवाज काढून टाकायला आपण वर्ष घातलं. आणि घालायला गिरीशने एक दुपार."

*

आमच्या कंपनीत दसऱ्याला एक पद्धत होती. बाकी सगळीकडे असते तशी यंत्रांची पूजा असायचीच. सगळी मशिनं बंद, मुख्य स्विचलासुद्धा हळदकुंकू आणि हार, त्यामुळे त्या दिवशी फॅक्टरीत बोर्डाची वीजही नाही. घरचे सगळे यायचे. पण सरांनी घातलेली पद्धत वेगळीच. त्या वर्षी जे नवं मशीन तयार झालं असेल, ते पूजा झाल्यावर चालू करायचं, आणि तो मान त्या मशीनला सगळ्यात जास्त विरोध ज्याने केला त्याचा. सर म्हणायचे, कौतुक करणाऱ्याच्या हातात स्विच दिला तर तो डोळे मिटून दाबतो.

त्या वर्षीचा मान अर्थातच खोत साहेबांचा.

मी सईला घेऊन गेले होते. हॉस्पिटलची तारीख चार दिवसांवर आलेली. सासूबाई म्हणाल्या, ने तिला, माणसांत जरा बरं वाटेल. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेडमध्ये मी पहिल्यांदाच इतकी शांतता बघितली. रोज घोरणारी ती सगळी धुडं हार घालून गप्प उभी. पंखे बंद, एसी बंद, ऑक्टोबरचा उकाडा. लोक प्रसादाच्या द्रोणाने वारा घेत होते. नवं मशीन मधोमध. त्याच्यावर जोडलेला दिवा पलीकडच्या अंगाला, पाहुण्यांना दिसेल असा. मी अलीकडे, दाराजवळ. सई माझ्या खांद्यावर, तोंड मागे दाराकडे. तिला तोरणातलं एक झेंडूचं फूल हाताला लागलं होतं, आणि ती त्याची एकेक पाकळी उपटण्यात गढून गेली होती.

खोत साहेब पुढे झाले. कपाळाला गंध, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मशीनला नमस्कार केला आणि स्विच दाबला.

खट्.

बाजूच्या एका बाईंचं मूल दचकलं. सई नाही. ती पाकळी उपटत राहिली. इतकी शांतता, इतका स्पष्ट आवाज. यात जमीन हादरली नव्हती, वारा नव्हता, सावली नव्हती. माझ्या सगळ्या प्रयोगांत बिनचूक असा हा एकच झाला होता, आणि त्याचं उत्तर आलं होतं.

हे मशीन स्विच दाबताच धावत नाही. आधी जरा दम भरून घेतं, मग कापायला लागतं. तेवढा वेळ सगळे थांबले होते.

मग माझ्या कानात ती सुई आली. बहुतेक.

आणि माझ्या खांद्यावर पाकळ्या उपटणारा हात थांबला.

सईने मान वर केली. जरा वेळ तशीच राहिली, समोरच्या रिकाम्या दाराकडे बघत. मग तिने मान वळवली. माझ्या गळ्यावरून, माझ्या कानाला तिचा गाल घासत, अख्खं अंग पिळून ती मागे वळली, आणि त्या मशीनकडे बघायला लागली. दिव्याकडे नाही, तो तिला दिसतच नव्हता. माणसांकडे नाही. नुसत्या राखाडी पत्र्याकडे. तोंड उघडं. मुठीत चुरगळलेलं झेंडूचं फूल.

मी श्वास घेतला नाही. हलले तर प्रयोग बिघडेल.

पलीकडे दिवा लागला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पाहुण्यांना सांगायला लागले होते की हेच ते, आपलं संपूर्ण निःशब्द.

खोत साहेबांचं लक्ष सरांकडे नव्हतं. स्विचवर हात तसाच ठेवून ते सईकडे बघत होते. टाळ्या थांबू दिल्या. मग त्यांनी मशीन बंद केलं. सुई गेली. सईने जरा वाट बघितली, मान वळवली आणि परत फुलाला लागली.

लोकांना वाटलं, काहीतरी बिघडलं. गिरीश धावत आला. खोत साहेबांनी डाव्या हातानेच त्याला जागच्या जागी थांबवलं. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि परत स्विच दाबला.

खट्. पाकळी. दम. सुई.

सईची मान वळली.

सर पलीकडून मोठ्याने सांगतच होते, "बघा, जवळ येऊन बघा, कान लावा हवं तर, आवाजाचं नाव नाही..."

"सर," खोत साहेब म्हणाले, "जरा गप्प ऱ्हावा. पोरगी ऐकत्येय."